तोंडावरचा माणूस

लिस्बन, ११ मार्च १९८४

प्रिय बेन्तू भाऊजी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा घोडे बाजूला ठेवा, बसा आणि नीट वाचा. मी रागावलेली आहे.

दुआर्त परवा येऊन गेला. लष्करातून सुटल्यापासून पोरगा तुमच्याकडे आहे, तुमच्या तबेल्यात राबतो, अंगानं भरला आहे, सगळं कबूल. पण अंघोळ करून आला तेव्हा मी त्याची पाठ पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत काळीनिळी. विचारलं तर म्हणे, घोडीनं लाथ मारली. भाऊजी, तुमच्या थोरल्या भावाबरोबर मी संसार केला आहे. घोडीची लाथ अंगावर कशी उमटते आणि बैलाचं कपाळ कसं उमटतं, हे मला कुणी शिकवायला नको.

इकडे कचेरीत माझ्या टेबलावर उन्हाळ्याचं पत्रक पडलंय. शहरात येणाऱ्या पाहुण्यांनी काय काय बघावं, त्याचं. जुना मठ, फरशांचं संग्रहालय, चढावरची पिवळी ट्राम, फादोची गाणी, सान्तु अँतोनिओच्या जत्रेतले भाजलेले मासे, आणि बैलांचं रिंगण. रिंगणाच्या ओळी दर वर्षी मीच लिहिते, कारण साहेबांना वाटतं की मला त्यातलं कळतं. पहिली ओळ ठरलेली आहे. 'आमच्याकडे रिंगणात बैलाला मारत नाहीत.' परदेशी बायका ती वाचून हुश्श करतात आणि लगेच तिकिटाची खिडकी विचारतात. दुसरी ओळ, 'घोडेस्वारांचा खेळ झाला की आठ माणसं नुसत्या हातांनी बैल धरतात.' त्या माणसांचं पुढे काय होतं ते लिहू का म्हटलं, तर साहेब म्हणाले, जागा नाही.

तिथे जागा नाही म्हणून इथे लिहिते. त्या दिवशी तुम्ही रांगेत तिसरे होतात आणि मी पहिल्या बाकावर. माझ्या अमारोनं टोपी काढली, तो बैल मला अर्पण केला आणि एकटा चालत पुढे गेला. बैल आला. अमारो त्याच्या शिंगांमध्ये छातीनं बसला, हात मानेभोवती गेलेसुद्धा, आणि बैलानं त्याला तसाच उचलून कुंपणाच्या फळ्यांवर नेऊन आपटला. मागे घेतला, पुन्हा आपटला. मला कडकड ऐकू आली. मला वाटलं फळी मोडली. फळी शाबूत होती.

तुमच्या तुकडीचे म्होरके तुम्ही. तोंडावर कोण जाणार हे तुमच्याशिवाय ठरत नाही. अमारोची शपथ घेऊन लिहून पाठवा, की माझ्या मुलाला तुम्ही बैलाच्या तोंडावर कधीही उभं करणार नाही. तेवढं सोडून दुसरं काही लिहू नका.

लेओनोर

*

फ्रेइशाल, २० मार्च

लेओनोर वहिनी,

तुमचं पत्र वाचून घोडासुद्धा दोन पावलं मागे सरकला.

दुसरं काही लिहू नका म्हणालात, पण मी कधी तुमचं ऐकलंय? पोराची पाठ कालवडींनी रंगवली. गावातली सगळी पोरं रविवारी कालवडींशी झोंबतात. झेफेरिनो गवंडी तर परवा नाक फोडून घेऊन आला, आणि त्याच्या आईनं, देओलिंदानं, ते नाक सरळ करायच्या आधी त्याला चपलेनं बडवला. आमच्या तुकडीत ह्या झेफेरिनोसारखा दुसरा नाही. माझ्यामागे म्होरक्याचं जाकीट त्याचंच.

आता शपथ. आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे तुमचा जीव थंड होईल. तोंडावर जायला कुणी मागत नाही. मागितलं तर वर्षभर बाकावर बसवतो. कुणी नाहीही म्हणत नाही. बैल आत आला की म्होरक्या त्याचं चालणं बघतो, रांगेच्या मागून फिरतो आणि त्या बैलाला जो माणूस योग्य त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. बस. त्यात नातं नाही, मैत्री नाही, भीड नाही. आमच्या आजोबांपासून असंच आहे.

ती रीत मी तुमच्यासाठी मोडतो. मी म्होरक्या आहे तोवर माझा हात दुआर्तच्या खांद्यावर तोंडासाठी पडणार नाही. अमारोची शपथ.

झालं समाधान? आता रविवारी नीट जेवा.

तुमचा बेन्तू

*

लिस्बन, २५ एप्रिल

भाऊजी,

आज क्रांतीच्या दिवसाची सुट्टी. रस्त्यावर सगळे छातीला लाल फुलं लावून फिरताहेत आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला शिव्या देते आहे.

ईस्टरला दुआर्त आला. सूप डाव्या हातानं प्यायला लागला. जन्मात त्यानं डावा हात वापरलेला नाही. मी उठले, सदऱ्याचा गळा धरून ओढला, बटणं तुटली. आत गळपट्टीचं हाड पट्ट्यांनी बांधलेलं. मी त्याला थोबाडीत मारली. एवढ्या जोरात की ताटली खाली पडून फुटली आणि माझं मनगट दिवसभर दुखत राहिलं. आणि तो हसला. म्हणाला, "आई, कालवडीपेक्षा तुझा हात जड आहे." अमारोचं हसणं आहे ते, तस्संच. मला रडू आलं, मग मी अजून एक मारली.

कालवड म्हणे! कालवडीनं हाड मोडतं का?

दुसरी गोष्ट. काल छापखान्यातून भित्तिपत्रकं आली. १० जून, लिस्बनचं रिंगण, फ्रेइशालची तुकडी. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. जत्रेचे दिवस, शहर पाहुण्यांनी भरलेलं, खिडकीपाशी उभी राहून मी दिवसभर लोकांना रस्ता दाखवायचा, इकडून जा, तिकडून वळा, माझं माणूस आपटताना छान दिसेल!

खरं काय ते लिहा. थट्टा नको.

लेओनोर

*

फ्रेइशाल, ६ मे

वहिनी,

थट्टा नाही.

कालवड नव्हती, बैल होता. दुआर्त फेब्रुवारीपासून रांगेत आहे. पहिला आधार म्हणून उभा राहतो, म्हणजे तोंडावरच्या माणसाच्या लगेच मागे. बैलाच्या धक्क्यानं तोंडावरचा मागे येतो तेव्हा त्याला छातीवर घ्यायचं, ते काम. हाड तिथेच मोडलं. शपथ तोंडाची होती, ती मी पाळली. तुम्ही रांगेचं विचारलं नव्हतं.

एक सांगतो, राग आला तरी. पोरगा चांगला आहे. नुसता धीट नाही, धीट पुष्कळ असतात आणि पुष्कळ मरतात. ह्याला बैल कळतो. डोकं खाली घालायच्या आधी बैल कान हलवतो, ते ह्याला दिसतं. मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. मी रांगेमागून फिरतो तेव्हा तो मान वळवत नाही, मागत नाही, पण त्याचा खांदा वाट बघत असतो. मी पुढे जातो. सगळ्यांना कळतं. कुणी बोलत नाही.

लिस्बनला तोंडावर मी स्वतः जाणार आहे. ते माझं शेवटचं. उजवा गुडघा आता भिजलेल्या दोरासारखा झालाय, जिना उतरताना भिंत धरतो. बैल धरला की रिंगणाच्या मध्यावर जाकीट काढीन आणि झेफेरिनोच्या खांद्यावर घालीन. मग मी मोकळा. ऑलिव्हची झाडं आहेत, घोडे आहेत, पुरे.

बेन्तू

*

लिस्बन, १० मे

भाऊजी,

तुम्ही मला काय दुधखुळी समजता?

'मी म्होरक्या आहे तोवर.' तुमचं मार्चचं पत्र काढून वाचलं. जूनमध्ये तुम्ही जाकीट काढणार आणि शपथ जाकिटाबरोबर उतरणार! झेफेरिनोनं माझ्यापाशी काही कबूल केलेलं नाही. त्याला पोराचा खांदा वाट बघताना दिसेल आणि पुढच्याच रविवारी तो हात ठेवेल. बरोबर की नाही? शपथ घेतानाच तुम्हाला हे माहीत होतं. भावाच्या नावानं माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत.

तर ऐका. जाकीट काढायचं नाही. ह्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. गुडघा दुखत असेल तर बांधा. तोंडावर हवं तर तुम्ही जा, हवं तर दुसऱ्या कुणाला पाठवा, पण म्होरके तुम्हीच राहायचं. तुम्ही आडवे झालात तर मी येऊन तुमच्या शेजारी बसेन, सूप भरवीन, मेलात तर काळे कपडे घालीन, आणि मनापासून रडेन. पण माझा मुलगा मेला तर मी कुणासाठीच रडणार नाही, भाऊजी, मी काहीतरी करून बसेन. हे मी शुद्धीवर लिहिते आहे.

लेओनोर

*

फ्रेइशाल, १७ मे

वहिनी,

बरं. जाकीट राहील.

एक मागतो. दहा तारखेला या. अमारोनंतर आमच्या घरातल्या कुणी तुम्हाला बैल अर्पण केलेला नाही. मी टोपी काढली की तुम्ही उभ्या राहा, एवढंच.

बेन्तू

*

लिस्बन, २४ जून

भाऊजी,

तुमचा जबडा तारेनं आवळलाय, म्हणजे आता तरी मला बोलू द्याल.

मी आले होते. तुम्हाला दिसू नये म्हणून वरच्या बाकांवर, खांबामागे बसले होते. तुम्ही रिंगणात येऊन टोपी काढलीत आणि सगळ्या बाकांवरून नजर फिरवलीत. मला शोधत होतात. मी उठले नाही. माझे पाय उठले नाहीत. तुम्ही थोडे थांबलात, मग टोपी घालून बैलाकडे चालू लागलात, आणि चालताना तो गुडघा मला तिथूनही दिसत होता.

पुढचं तुम्हाला अर्धवटच आठवत असेल. पहिल्या खेपेला बैलानं डोकं वर झटकलं आणि शिंगाचा बुंधा तुमच्या हनुवटीखाली बसला. तुम्ही उताणे पडलात, उठलात, तोंडातून रक्त सदऱ्यावर सांडत असताना पुन्हा हाक दिलीत. दुसऱ्या खेपेला गुडघा गेला. बैल तुमच्या अंगावरून गेला, वळला, पुन्हा अंगावरून गेला. दुआर्तनं शेपूट धरून त्याला वळवला, नाहीतर आज हे पत्र वाचायला तुम्ही नसता. माझ्या पुढच्या बाकावर एक पाहुणी बाई बसली होती. तिच्या हातात माझंच पत्रक. ती त्यानं वारा घेत होती आणि नवऱ्याला म्हणत होती, "हे दर वेळी असं करतात का?"

मग तुम्हाला दोघांनी उभं केलं. बैल धरायचा होता, दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला हवं होतं. तुम्हाला बोलता येईना. तुम्ही रांगेच्या मागे गेलात आणि तुमचा हात दुआर्तच्या खांद्यावर पडला. हजारो लोकांनी पाहिलं. आणि मग तुम्ही तो हात उचललात आणि झेफेरिनोच्या खांद्यावर ठेवलात.

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, देवा, तुझे उपकार.

झेफेरिनो नीट उभा होता, छाती पुढे, हात कमरेवर. आधीच्या दोन खेपांनी बैल शहाणा झाला होता, सरळ आलाच नाही. आडवा आला, त्याला कमरेत घेतला, वर उडवला, आणि तो डोक्यावर पडला. ह्या वेळी मला काही मोडल्याचा आवाज आला नाही. तो नुसता पडून राहिला, वाळूवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा.

मान. खाली काही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, हलणारही नाही. इस्पितळ इथे, म्हणून देओलिंदा माझ्याकडे राहते आहे. दुआर्तच्या पलंगावर झोपते. दिवसभर मुलापाशी बसते, संध्याकाळी येऊन माझ्या ओट्याशी उभी राहते, कारण तिला रिकामं बसवत नाही. काल मला म्हणाली, "पोराचं नशीब बघ, लेओनोर. पण एक आहे. राजधानीच्या रिंगणात, एवढ्या लोकांसमोर, म्होरक्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बेन्तू माणूस ओळखतो." आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू?"

भाऊजी, मी तो हात सोडवून घेतला आणि कांदा चिरायला लागले.

कचेरीत गर्दी वाढली आहे. मोठं काही झालं हे कळल्यापासून रिंगणाची चौकशी जास्त होते.

लेओनोर

*

फ्रेइशाल, ९ जुलै

वहिनी,

दुआर्तला कळलं.

लोहाराच्या गुत्त्यात कुणीतरी म्हणालं, "काकाला पुतण्याचा खांदा चटका देतो वाटतं." दुआर्तनं त्या माणसाचे पुढचे दात पाडले. त्याचं डोकं बाकावर आपटत होता, चौघांनी ओढला तेव्हा सुटला. मूठ फुटलेली घेऊन घरी आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "हात का उचललात?" मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी पाटी घेतली आणि खडूनं लिहिलं. तुमचं, माझं, अमारोच्या शपथेचं. त्यानं वाचलं. मग ती पाटी उचलून माझ्या गुडघ्यावर फोडली. त्याच गुडघ्यावर.

मी त्याला दोष देत नाही. तो बैल दुआर्तचा होता. वळताना तो डावीकडे झुकत होता, हे शेपूट धरल्यामुळे त्याला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही. माझ्या हातालाही ते माहीत होतं, म्हणून तो बरोबर जागी पडला. उचलला तो मी. खोटं बोलून झेफेरिनोला बैलापुढे ढकलल्यासारखंच झालं हे. मला झोप नाही.

पोरगा आता देओलिंदाच्या रिकाम्या घरात राहतो. तिच्या कोंबड्यांना दाणे टाकतो. माझ्याकडे बघत नाही.

तुकडी बसली होती. मी आता उभाच राहू शकत नाही, तर म्होरक्या कसला? सप्टेंबरच्या गावजत्रेत जाकीट काढायचं ठरलं, आणि सगळ्यांनी एकच नाव घेतलं. माझी शपथ तेव्हा संपेल. तुम्ही मला सोडा नाहीतर सोडू नका, संपेल.

बेन्तू

*

लिस्बन, ५ ऑगस्ट

भाऊजी,

उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहिते आहे, डावा भाजलाय.

मी देओलिंदाला सांगितलं. मला कुणी सांगायला लावलं नाही. ती गोगलगायी उकडत होती, माझ्यासाठी, मला आवडतात म्हणून, ओव्याची पानं टाकून. मला ते सहन झालं नाही. तिच्या पाठीला सगळं सांगितलं. हात का उचलला गेला, कुणाच्या सांगण्यावरून उचलला गेला. ती वळली नाही. म्हणाली, "म्हणजे तो हात तुझ्या पोरावर पडला होता." मी हो म्हटलं. तिनं भांड्याचे दोन्ही कान फडक्यानं धरले आणि उकळतं भांडं माझ्यावर फेकलं. मी हात आडवा केला म्हणून तोंड वाचलं. मग ती माझ्या अंगावर आली, केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. "तुझा तो मुलगा आणि माझा काय दगड? माझा काय पोतं?" शेजारी दार ठोकायला लागले तेव्हा तिनं सोडलं. जमिनीवर बसून दोघीही रडलो, पण एकत्र नाही, आपापल्या कोपऱ्यात.

गाठोडं बांधून ती इस्पितळाच्या पायऱ्यांवर राहायला गेली. दोनदा बोलवायला गेले. दोन्ही वेळा माझ्या अंगावर थुंकली.

तिचं बरोबर आहे. मी माझं पोर बाजूला काढलं तेव्हा त्या जागी कुणाचं तरी उभं राहणार होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचारच केला नाही. मी तुम्हाला शपथेतून सोडते. सप्टेंबरची वाट बघू नका.

आणि तरीही, भाऊजी, दुआर्त तोंडावर जाणार हा विचार आला की मी हातातलं काम टाकून उठते.

लेओनोर

*

फ्रेइशाल, २६ ऑगस्ट

वहिनी,

जाकीट सोळा सप्टेंबरला दुआर्त घालेल. पहिला बैल तो स्वतः धरणार. म्होरक्याच्या पहिल्या बैलाला रांगेमागून फिरायचं नसतं, स्वतः जायचं असतं.

तो बैल देओलिंदाला अर्पण करायचा त्याच्या मनात आहे. लिस्बनला जाऊन तिला भेटून आला. तुमच्याकडे आला नाही, माहीत आहे. बाईनं त्याला उभंच ठेवलं. मग म्हणाली, "टोपी काढलीस आणि मी उठले नाही तर तुझं तोंड काळं होईल, ठाऊक आहे ना? मी उठेन. पण तुझी आई माझ्या शेजारी बसली तरच. मी माझ्या पोराला पडताना खिडकीमागे, खांबामागे बसून नाही पाहिलं. पहिल्या बाकावरून पाहिलं. तिनंही बघायचं."

मी निरोप पोचवला. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

बेन्तू

*

लिस्बन, २० सप्टेंबर

भाऊजी,

तुम्ही फळ्यांमागे होतात, म्हणून बाकावर काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं. शिवाय तुम्ही रडत होतात, तुम्हाला काही दिसलं नसणार. नाही म्हणू नका.

अमारोची टोपी मीच तुमच्या हाती पाठवली होती. तो मेला त्या दिवशी वाळूतून उचलून कुणीतरी मला दिलेली. आतला डाग मी कधी धुतला नाही. दुआर्तनं ती उलटून आत पाहिलं, हे मला दिसलं. मग तो आमच्या बाकासमोर येऊन उभा राहिला आणि टोपी पुढे धरून म्हणाला, "देओलिंदा मावशी, हा बैल झेफेरिनोचा." माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. देओलिंदा उठली, आणि उठताना माझा भाजलेला हात धरून मला उभं केलं. जखम उकलली. "आता बसायचं नाही," म्हणाली. "आणि डोळे मिटलेस तर दुसराही हात भाजीन."

बैल आला आणि त्याला घेऊन गेला. पाठीवर पाडला, कपाळानं वाळूतून फरफटत नेला. दुआर्त उठला तेव्हा त्याचा डावा कान अर्धा लोंबत होता. देओलिंदा माझ्या कानाशी म्हणत होती, "बघ. बघ. असंच होतं. बघ." मी बघत होते. दुसऱ्या खेपेला बैल त्याच्या पोटात घुसला. तो गुडघ्यांवर बसला आणि वाळूवर रक्त ओकला. आणि भाऊजी, तेव्हा देओलिंदाच ओरडली. "बेन्तू, पोराला बाहेर काढ! पुरे! मला नको त्याचा बैल!" तुम्हाला ऐकू गेलं नाही. तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

माझे उघडे होते.

तो उभा राहिला. टोपी उचलून घातली. दुसऱ्या खेपेला तो घाईत होता, हनुवटी वर होती, मला दिसलं होतं. अमारो माझ्यासमोर अंगणात हातगाडीवर सराव करायचा, तेव्हा मीच हातगाडी ढकलायची. मी ओरडले, "हनुवटी आत! थांब! येऊ दे त्याला, येऊ दे!" आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी ओरडले नव्हते. बैलानं कान हलवले. दुआर्त थांबला. बैल आला आणि हा शिंगांमध्ये बसला, हात मानेभोवती आवळले, आणि बैलानं झटकलं, झटकलं, रांगेतल्या चौघांना उडवलं, एकाला फळ्यांवर फेकलं, पण हा सुटला नाही. मग बैल थांबला. नुसता उभा राहून धापा टाकत होता, आणि माझा मुलगा त्याच्या तोंडावर, तोही धापा टाकत होता.

मी देओलिंदाला म्हटलं, "उघड डोळे. धरला." तिनं उघडले. माझ्या हातावरचं रक्त बघितलं, आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यावर बांधला. इतका घट्ट बांधला की मी कळवळले.

कान शिवून घेताना दुआर्त मला म्हणाला, "आई, ओरडत होतीस ती तूच का?" मी हो म्हटलं. "काय ओरडत होतीस ते कळलं नाही," म्हणाला. जुलैपासून त्याचं माझ्याशी धड बोलणं झालं ते एवढंच. टोपी देओलिंदानं नेली. झेफेरिनोच्या उशाशी ठेवली आहे. ती पुन्हा माझ्याकडे राहायला आली आहे, गोगलगायी मात्र आता मी उकडते.

पुढच्या रविवारी तुकडी दुसऱ्या गावी जाणार. दुआर्त रांगेमागून फिरेल आणि कुणाच्या तरी मुलाच्या खांद्यावर हात ठेवेल. ते मी थांबवू शकत नाही. कधी तो हात त्याच्या स्वतःच्याच खांद्यावर पडेल, तेव्हा मी पहिल्या बाकावर असेन.

आज सकाळी खिडकीपाशी एक बाई आली होती, दोन लहान मुलं बरोबर. पत्रकावर बोट ठेवून तिनं विचारलं, "इथे बैलाला खरंच मारत नाहीत ना? मुलं घाबरतील." मी म्हटलं, नाही बाई, बैलाला मारत नाहीत. तिनं आभार मानले आणि कुठल्या बाकांवरून चांगलं दिसतं ते विचारलं. मी सांगितलं, पहिल्या.

तुमची वहिनी,
लेओनोर